बिनपाचरीची मोटार

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन दिवसांवर आली होती आणि भाईदास पाटलांच्या मोटारीला अजून एकही दार नव्हतं. चारही दारं अंगणात खाटेवर ओळीनं पडून होती, नव्या हिरव्या रंगात चकाकत होती, आणि त्यांच्यावर बसू पाहणाऱ्या कोंबड्यांना भाईदास दर पाच मिनिटांनी हुसकावत होते. बाकी मोटार तयार होती. इंजीन चालत होतं, दिवे लागत होते, आणि भोंगा इतका खणखणीत होता की प्रकाशा गावच्या घाटापर्यंत ऐकू जातो, असं भाईदास सांगत. प्रकाशा तिथून दोन कोस होतं.

"दारं म्हंजे काय, दोन घंटानं काम," ते मगन सुताराला म्हणाले. "जे खोलं, ते लागस. मन्हा हातखाले आजलगून एक तरी यंत्र अर्धं ऱ्हायनं का?"

मगनला नाही म्हणता येईना. तापीकाठच्या निम्म्या ऑइल इंजिनांची पोटं भाईदासनी उघडली होती आणि पुन्हा मिटवली होती. प्रत्येक वेळी थोडे नट-बोल्ट उरत, ते एका डब्यात जमा होत, आणि इंजीन तरीही चाले. विलायती लोक सामान जास्तीचं घालतात, असं भाईदासचं मत होतं. तो डबा आता भरत आला होता आणि भाईदासचा स्वतःवरचा विश्वासही त्याच मापानं वाढला होता.

मोटार अठ्ठावीस सालची. सातपुड्यातल्या एका जंगल ठेकेदारानं तिच्यातून कोळशाची पोती वाहिली आणि ती बंद पडल्यावर तिथंच झाडाखाली सोडून दिली. भाईदासनी घरची दुभती म्हैस देऊन ती आणली, ओढत, दोन बैलजोड्या लावून. त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाईंनी त्या दिवशी ओट्यावरून एवढंच विचारलं होतं, "म्हैस दूध देये. हाई काय दी?"

"इज्जत," भाईदास म्हणाले होते.

इज्जत सध्या पणाला लागली होती ती अशी. फाल्गुनात त्यांच्या रंजनाचं लग्न झालं, शहाद्याच्या पलीकडे, रतिलाल पाटलांच्या घरात. रतिलाल म्हणजे मोजकं बोलणारा, न हसणारा माणूस. एकदा बोललेला शब्द तो खाली पडू देत नसे, स्वतःचाही आणि दुसऱ्याचाही. जेवणाच्या पंगतीत भाईदास रंगात आले आणि शंभर पानांसमोर म्हणाले, "पहिली आखाजी शे पोरनी. तिले लेवाले मी सोता मोटार लई येसू!" त्या वेळी मोटारीचे भाग घरभर पसरलेले होते आणि मागच्या गादीत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती.

रतिलालनी हातातला घास खाली ठेवला. "बरं. मोटार उनी ते सून धाडसू. तीन दिन. गाडी-बैल धाडू नका, याही. तुम्ही मोटार म्हनात, ते मोटारच."

पहिल्या आखाजीला लेक सासरीच राहिली, तर आईला घास गोड लागत नाही. गल्लीतल्या साऱ्या लेकी येतात, लिंबाला झोके बांधतात, आणि आपल्या झोक्याची दोरी नुसतीच लोंबत राहते. रंजनाचं पोस्टकार्ड आलं होतं. चौथीपर्यंतच्या अक्षरात तिनं लिहिलं होतं : 'इथं सगळं बरं आहे. माझ्या जावा आखाजीला जाणार आहेत. बापू, मोटारीचं काय झालं?' रुक्मिणीबाईंनी ते नवऱ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि नंतर दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

तर मगननं पहिलं दार उचललं. दारांवर आतल्या बाजूनं भाईदासनी गेरूनं एक, दोन, तीन, चार असे आकडे घातले होते. मोटारीवर मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं.

"एक नंबर कोठे लागस?" मगननं विचारलं.

"पहिली जागावर."

"पहिली जागा कोनती?"

"जठे एक नंबर लागस ती," भाईदास म्हणाले. त्यात न समजण्यासारखं काय आहे, हे त्यांना कळेना.

मग एक नंबरचं दार चारही जागांवर धरून पाहण्यात आलं. दोन नंबरचं दार पुढच्या डावीकडे असं काही बसलं की भाईदासनी टाळी वाजवली, पण ते उलटं होतं. मूठ खाली आली होती. दुपार टळली. दिवे लागायच्या सुमाराला चारही दारांना आपापली जागा मिळाली आणि मगननं बिजागऱ्यांचे स्क्रू पिळले. मग त्यानं पहिलं दार लोटून पाहिलं. दार तीन बोटं बाहेर राहिलं. दुसरं चार बोटं. उरलेली दोन तर नुसती टेकली आणि परत आली.

मगन बिजागरीशी वाकला. तिच्याखालच्या जुन्या लाकडावर गंजाचा एक लांबट चौकोनी डाग होता.

"भाईदासभाऊ, ह्या जागावर पट्ट्या व्हत्यात. पत्राना. हर बिजागरीखाले एक. त्या कोठे शेत?"

"त्या? त्या मी फेकी दिन्ह्यात."

"फेकी दिन्ह्यात?"

भाईदास सरळ उभे राहिले. हा त्यांचा आवडता विषय होता. "मगन, तू सुतार शेस, तुले सांगानी गरज नही. गाडीना चाकमा पाचर कोन ठोकस? ज्यानं माप चुकस तो. पट्टी काय, पाचर काय, एकच. विलायतना सुतारनं माप चुकनं आनी त्यानी खाले पत्रा सरकाडी दिन्हा. मन्हा कामले पाचर लागस नही. आजलगून लागनी नही."

मगननं आयुष्यभर चाकांना पाचरी ठोकल्या होत्या आणि गावातलं एकही चाक त्यामुळे निसटलं नव्हतं. पण भाईदासचा आवाज चढला की वाद घालण्यात अर्थ नसतो, हे त्याला ठाऊक होतं. "तुमनी मोटार," तो म्हणाला.

दुसरा दिवस कानस घासण्यात गेला. इकडचं थोडं घासलं की तिकडचं बाहेर येई. भाईदासनी दार खालून लाकडानं उचललं, गुडघ्यानं दाबलं, त्याच्याशी गोड बोलले, मग शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी, म्हणजे आखाजीच्या आदल्या सकाळी, त्यांनी शेवटचा उपाय काढला. मगन मोठा लाकडी हातोडा घेऊन उभा राहिला, भाईदासनी खांदा लावला, आणि रुक्मिणीबाईंना स्वयंपाकघरातून बोलावण्यात आलं. त्या सांजोऱ्या तळत होत्या. हात पुसत आल्या, दाराकडे पाठ केली आणि असा काही धक्का दिला की दार धाडकन बसलं.

"बसनं!" भाईदास ओरडले.

चार धक्क्यांत चारही दारं बसली. कुठे केस जाईल एवढीही फट नाही. भाईदास चार पावलं मागं सरले, मोटारीकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले. "देखं का? एक बी पट्टी नही."

मगननं पुढच्या दाराची मूठ फिरवली. मूठ फिरली. दार हललं नाही. त्यानं मागचं पाहिलं, पलीकडची दोन्ही पाहिली. मग तो हळूच म्हणाला, "भाऊ, एकबी उघडस नही."

रुक्मिणीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग उन्हाकडे. "काढी टाका आनी परत बसाडा," त्या म्हणाल्या.

"येळ कोठे शे? आजच जावानं शे. मोटारनं दार कसासाठे ऱ्हास? बंद ऱ्हावासाठे." भाईदासनी फेटा बांधायला घेतला. "आनी शहादाना रस्तावर इतला खड्डा शेत, हादरा बसतीन, आपेआप ढिलं व्हई जाई. माले यंत्रनं समजस."

त्यांनी मोटार ढकलून ओट्याला लावली, ओट्यावरून दाराच्या वरून पाय टाकला आणि छताच्या ताडपत्रीखालून वाकून चालकाच्या जागी बसले. रुक्मिणीबाईंनी सांजोऱ्यांची टोपली आत दिली. त्यांना एवढंच म्हणायचं होतं, आणि ते त्या दाराची कड धरून म्हणाल्या, "पोर लिसनच या. बाकी मोटारनं काय बी व्हवो."

रस्त्यानं खड्डे होतेच. प्रत्येक खड्ड्याला भाईदास कोपरानं दार ढकलून पाहत. दार ढिम्म. उलट वैशाखातली पांढरी धूळ उडून उरल्यासुरल्या फटीत बसली आणि शहादा येईपर्यंत दारं चुन्यानं बांधून काढल्यासारखी झाली. शहाद्याच्या पुढे घशाला कोरड पडली. वाटेत उसाच्या रसाचं गुऱ्हाळ लागलं, पण उतरणार कसं? भाईदासनी भोंगा वाजवला आणि पुढे गेले.

रतिलालच्या दारात मोटार उभी राहिली तेव्हा अख्खी गल्ली बाहेर होती. पोरं चाकांना हात लावत होती, बायका ओट्यांवरून वाकत होत्या. रतिलाल पांढरी टोपी घालून पुढे आले. त्यांनी मोटार एकदा पुढून पाहिली, एकदा मागून. "उनी," ते म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं. त्यांच्या पत्नी धनुबाईंनी पाय धुवायला पाण्यानं भरलेलं मोठं घंगाळ आणून मोटारीशेजारी ठेवलं, हातात ताकाचा लोटा.

"उतरा, याही."

भाईदासनी मूठ फिरवली. मग पुन्हा फिरवली, अशी की बघणाऱ्याला वाटावं हा नुसता तपासतो आहे. ओटा जवळ नव्हता. व्याह्यासमोर फेटा सांभाळत, धोतर वर करून दारावरून उडी मारणं शक्य नव्हतं. घशाला कोरड होती, ताक समोर होतं आणि गल्ली बघत होती. पण भाईदास गांगरणारे नव्हतेच.

"उतरस नही, याही," ते गंभीरपणे म्हणाले. "आमना घरमा रीत शे. नातू व्हस नही तवलगून बाप लेकना आंगनमा पाय ठेवस नही."

भाईदासच्या घरात अशी रीत नव्हती. ती त्या क्षणी सुरू झाली.

रतिलालच्या चेहऱ्यावर प्रथमच काहीतरी हललं. रीतीभातीच्या माणसाबद्दल त्यांना आदर होता. "चांगली रीत शे," ते म्हणाले. "पानी?"

एकदा पाय ठेवायचा नाही म्हटल्यावर पाणी कसं घेणार? भाईदासनी मान हलवली. ताकाचा लोटा त्यांच्या डोळ्यांदेखत परत आत गेला, आणि त्यांना आपल्या रीतीचा पहिल्यांदाच राग आला.

मग रंजना आली. डोक्यावर पदर, हातात लहान ट्रंक. दोन महिन्यांत ती जरा वाळली होती, किंवा भाईदासना तसं वाटलं. तिनं सासू-सासऱ्यांच्या पाया पडून बापाकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत जे आलं ते पाहून भाईदासना एकदम धसका बसला. ही आता आत बसणार कशी? गल्लीभर लोकांसमोर नव्या सुनेनं दारावरून उडी मारायची? आणि नाही बसली, तर? रतिलाल शब्दाचा माणूस. मोटारीत पाठवीन म्हणाला होता. मोटारीत बसताच येत नसेल, तर ती मोटार कसली?

"याही," ते म्हणाले, "तिले जरा—"

"तुम्ही बठा," रतिलाल म्हणाले. "तुम्ही रीत पाळी. आते सूनले मोटारमा मी सोता बसाडसू." आणि ते मागच्या दाराशी गेले, मूठ धरली आणि ओढली.

दार आलं नाही. रतिलालनी भाईदासकडे पाहिलं.

"नवा रंग शे," भाईदास म्हणाले. "जरा चिकटस."

रतिलालनी दोन्ही हातांनी ओढलं. गल्लीतून कोणीतरी, "जोर लावा, दादा," म्हणालं, आणि तेच नको होतं. आपल्या अंगणात, आपल्या सुनेसमोर, एक दार आपल्याला उघडत नाही, हे रतिलाल पाटलांना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी मोटारीच्या पायरीला एक पाय लावला, मूठ घट्ट आवळली, श्वास आत ओढला आणि सगळ्या अंगानिशी हिसका दिला.

दार आलं. नुसतं उघडलं नाही, आलंच. बिजागऱ्या, स्क्रू आणि लाकडाच्या ढलप्यांसकट. रतिलाल मागं मागं गेले आणि घंगाळात बसले. पाणी चारी बाजूंनी उसळलं. टोपी एका कानावर आली, आणि मांडीवर हिरवंगार दार.

रतिलाल पाटलांना हसायची कोणाची छाती होती?

आणि कोणीतरी हसलं. पदराआड दाबलेलं, पण दाबता न येणारं. रंजना हसत होती. तिनं तोंडात पदर कोंबला तरी खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. धनुबाईंनी सुनेकडे पाहिलं, रागवायचं म्हणून तोंड उघडलं आणि त्यांनाच हसू फुटलं. मग गल्ली फुटली.

रतिलाल हसले नाहीत. ते घंगाळातच बसून राहिले. त्यांनी मांडीवरच्या दाराची बिजागरी उलटीसुलटी करून पाहिली, मग मान वर करून सुनेकडे पाहिलं, बराच वेळ. मग धोतर निथळत उठले.

"याही, तुमनी मोटार मन्हा हाते मोडनी."

भाईदासच्या जिभेवर खरं आलं होतं. अगदी टोकापर्यंत आलं होतं. पण रतिलालनी हात वर केला.

"मन्हा आंगनमा मोडनी. दार मी घर येईसन बसाडी दिसू. आनी जवलगून दार बसस नही, तवलगून सून माहेरलेच ऱ्हाई. तीन दिन नही, तीस दिन लागू द्यात. हाऊ मन्हा सबद."

गल्लीनं ऐकलं. रंजनानं ट्रंक उचलली आणि जिथं दार नव्हतं तिथून ती दिमाखात आत जाऊन बसली.

शहादा मागं पडलं. मग मागून आवाज आला, "बापू, त्या पट्ट्या कोठे शेत?" मोटार खोलली तेव्हा सगळे भाग रॉकेलमध्ये धुऊन तिनंच मांडले होते.

"कोनत्या पट्ट्या?"

"ज्या तुम्ही फेकी दिन्ह्यात त्या."

समोर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी भाईदासनी भोंगा वाजवला.

आखाजी झाली. घागरी पूजल्या गेल्या, आमरस झाला, लिंबाला रंजनाचा झोका चढला. दुसऱ्या दिवशी सकाळी रतिलाल बैलगाडीनं आले. गोधडीत गुंडाळलेलं दार त्यांनी लेकरासारखं उतरवलं, बरोबर हत्यारांची पेटी आणली होती, कारण कापसाच्या जिनिंगच्या यंत्रांवर त्यांनीही हात काळे केले होते. मगनला बोलावणं गेलं. मोडलेल्या लाकडाच्या जागी नवा तुकडा सांधून झाला, तेव्हा रतिलालनी गंजाच्या चौकोनी डागांवर बोट फिरवलं.

"याहीन," त्यांनी ओट्याकडे हाक दिली, "ह्या जागावर तीन पट्ट्या व्हत्यात. तुमले म्हाईत शेत का?"

"त्या का?" रुक्मिणीबाई आतून म्हणाल्या. "यास्नी फेकी दिन्ह्यात, मी उचली लिन्ह्यात. मन्ही घडवंची डुगडुगे ना? एकेक पायखाले तीन-तीन घाल्यात. आते हंडा हालत नही." आणि त्या तीन पट्ट्या काढून घेऊन आल्या.

रतिलालनी पट्ट्या हातात घेतल्या आणि भाईदासकडे पाहिलं. मगन आपली पटाशी फार लक्षपूर्वक पुसू लागला. मनातून भाईदासना लाज वाटत होती, आणि ती त्यांनी बोलून टाकली.

"याही, खरं सांगस. दार तुमना हाते नही मोडनं. ते मीच चुकीनं बसाडेल व्हतं."

"माले म्हाईत शे," रतिलाल म्हणाले. "घंगायमा बठनू, तवयच दखं."

"मंग तवय बोलनात काबर नही?"

रतिलालनी पट्टी बिजागरीखाली सरकवली आणि स्क्रू पिळू लागले. लिंबाकडून झोक्याची करकर आणि पोरींचा गलका येत होता. "दोन महिना व्हयनात. सून समदं काम करस, तोंड वर करस नही. हासनी नही कवय. त्या दिन हासनी." त्यांनी दुसरा स्क्रू घेतला. "मी सोचं, आखो थोडी हासू द्या."

भाईदासनी उगीच फडकं घेऊन मोटारीचा दिवा पुसला.

दार बसलं. रतिलालनी एका बोटानं लोटलं, ते अलगद मिटलं. एका बोटानं ओढलं, उघडलं. भाईदासनी स्वतः चारदा उघडमीट करून पाहिली आणि त्यांचा हुरूप परत आला. "आते बाकीना तीन बी आजच करी टाकूत! पट्ट्या शेतच घरमा."

"नही." रतिलालनी हत्यारं पेटीत ठेवली. "ह्या दारना रंग उडेल शे. नवा रंग द्या. तो वायस नही तवलगून दार बसनं आसं मी म्हनत नही. पंधरा दिन तरी लागतीन." मग त्यांनी उरलेल्या तीन दारांकडे हनुवटी केली. "आनी हाई तीन ऱ्हाऊ द्या. एक आखाजीले एक दार. मी सोता येसू, सूनले लिसन. सबद शे."

तेवढ्यात आत काहीतरी कलंडल्याचा आवाज झाला. तीन पट्ट्या गेल्यामुळे घडवंचीचा एक पाय अधांतरी झाला होता आणि हंडा एका बाजूला झुकला होता. "धावा, धावा!" रुक्मिणीबाई ओरडल्या. "नऊ पट्ट्या शेत खाले, त्यामानी एकबी काढाले देनार नही मी. चार वरीसनं माहेर शे ते मन्ही पोरनं!"

भाईदास धावत आत गेले, दोन्ही हातांनी हंडा धरला आणि तिथूनच ओरडले, "मगन! एक पाचर आन रे भाऊ, पटकन. चांगली ठोकी दे."

मगनच्या पिशवीत पाचर तयारच होती. तो ती घेऊन आत गेला आणि एका ठोक्यात बसवली. घडवंची हलली नाही.